राजमा काही शिजेना

सूनबाई पडली ती स्टुलावरून, आणि याचंच मास्तरांना राहून राहून नवल वाटत होतं.

लिफ्ट दुरुस्त करणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. उंच इमारतींच्या पोटातल्या विहिरीसारख्या अंधाऱ्या पोकळीत ती वर्षानुवर्षं चढत-उतरत होती, पण तिथं कधी तिचा पाय सरकला नाही. आणि घरी, स्वयंपाकघरातला दिवा बदलायला म्हणून हातभर उंचीच्या स्टुलावर चढली, ती घोटा मोडूनच खाली आली. गुडघ्यापर्यंत प्लास्टर बसलं. पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं.

"लिफ्टनं यायचं ना खाली," मास्तर म्हणाले.

"बाबा, हसवू नका. हसले की दुखतं."

मास्तर म्हणजे तिचे सासरे. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यांनी आयुष्यभर शिकवली ती मोटार. निम्म्या गावानं पहिला गिअर टाकला तो मास्तरांच्या शेजारी बसून. आता निवृत्त झाले होते, पण समोरचा माणूस काहीही करू लागला, अगदी पावाला लोणी लावू लागला, तरी मास्तर मान पुढे काढून बघायचे आणि "सावकाश, सावकाश" म्हणायचे.

घरात खरा स्वयंपाकी एकच होता, मास्तरांचा मुलगा. तो मालवाहू जहाजावर आचारी होता आणि ते जहाज त्या वेळी कुठल्या तरी समुद्राच्या मध्यावर होतं. तो रजेवर आला की घर दरवळायचं. तो नसला की सूनबाई कामावरून येऊन झटपट होईल ते करायची आणि मास्तर निमूट खायचे. त्यांना स्वतःला चहा यायचा, अंडी उकडता यायची, आणि "वा, छान झालंय" असं मनापासून म्हणता यायचं. एवढ्या भांडवलावर त्यांची हयात निघाली होती.

म्हणून सूनबाई अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या आईला बोलावून घेतलं.

विहीणबाई आल्या त्या एक छोटी बॅग आणि रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन. त्यांचं स्वतःचं औषधांचं दुकान होतं आणि दुकानावरच्याच दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. सडपातळ, नीटनेटक्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. दुकान भागीदारणीवर सोपवून आल्या होत्या. त्यांना दारात बघून मास्तरांच्या जिवात जीव आला. आता घरात रीतसर जेवण होणार, या कल्पनेनं त्यांनी बॅग धावत आत नेली.

पहिल्या दिवशी पाकिटातलं सूप झालं. दुसऱ्या दिवशी टोस्ट आणि केळी. तिसऱ्या दिवशी पुन्हा सूप, फक्त पाकिटाचा रंग वेगळा.

"पेशंटला हलकंच बरं," विहीणबाई म्हणाल्या.

मास्तरांचं काहीच मोडलेलं नव्हतं, तरी तेही हलकंच खात राहिले. पाहुण्या बाईला कसं बोलणार? दोघं समोरासमोर बसत, "घ्या ना" आणि "पुरे, पुरे" एवढंच बोलत, आणि सूप संपवत.

मग एका दुपारी सूनबाईनं उशीवरून मान उचलली. "मला चिली खायचीय."

"काय?" दोघं एकदमच म्हणाली.

"राजम्याची. टोमॅटोच्या दाट रश्शातली, झणझणीत. तुमचा मुलगा करतो ना, बाबा, तशी. सूप बघितलं की आता मला जीभ आत ओढून घ्यावीशी वाटते."

विहीणबाईंनी चष्मा नीट केला.

"त्यात काय," त्या म्हणाल्या.

"त्यात काय एवढं!" मास्तर म्हणाले. हे 'एवढं' त्यांनी उगाच जोडलं होतं, नुसतं ओव्हरटेक करायला म्हणून.

सूनबाईनं चादर तोंडावर ओढून घेतली. झोप आली असेल बिचारीला, असं मास्तरांना वाटलं. चादर हलत होती, पण तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

स्वयंपाकघरात फडताळाच्या मागच्या बाजूला मुलानं आणून ठेवलेली राजम्याची पिशवी सापडली. दाणे गर्द लाल, मूत्रपिंडाच्या आकाराचे, खडखडीत कोरडे. मास्तरांनी कुकर काढला आणि झाकण उलटं करून बघत राहिले. रबरी रिंग गायब होती.

"सूनबाई!" त्यांनी तिथूनच हाक मारली. "कुकरची रिंग कुठाय गं?"

"पाण्याच्या पंपाला बसवलीय!" आतून आवाज आला. "तिथं मस्त चालतेय!"

"मस्त चालतेय," मास्तर कुकरला म्हणाले आणि तो परत फडताळात ढकलला. म्हणजे आता साध्या पातेल्यातच शिजवायचं होतं. दोघंही अनुभवी माणसासारखी मान हलवत उभी राहिली. कोण काय म्हणतंय याची दोघंही वाट बघत होती.

"आधी निवडायला हवा," विहीणबाई शेवटी म्हणाल्या. एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. जे मोजून द्यायचं ते आधी बघून घ्यायचं, हा त्यांच्या दुकानाचा नियमच होता.

त्यांनी मोठं ताट घेतलं, त्यात राजमा पसरला आणि लोण्याची सुरी घेऊन बसल्या. सुरीच्या चपट्या पात्यानं पाच दाणे पुढे ओढायचे, बघायचे, ताटाच्या कडेवरून भांड्यात सोडायचे. परत पाच. हात असा झरझर चालत होता की मास्तर बघतच राहिले.

"विहीणबाई, राजमा निवडताय की गोळ्या देताय? जेवणाआधी दोन, जेवणानंतर दोन?"

"तुम्ही शेजारी बसून नुसतं बघणार, की हातपण लावणार?"

"मी आयुष्यभर शेजारी बसून बघायचेच पैसे घेतलेत."

तरी त्यांनी हात लावला. सुरकुतलेले दाणे, तुटलेले दाणे, भोक पडलेले दाणे बाजूला काढले. एक मातीचं ढेकूळ निघालं, हुबेहूब दाण्याच्या रंगाचं. विहीणबाईंनी ते चष्म्याच्या वरून बघितलं आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवलं. "तुमच्या बाजूनं सुटलं होतं हं हे."

मग भिजवण्याची वेळ आली. मास्तरांनी हाताला आलं ते स्टीलचं भांडं घेतलं, दोनतीन पाण्यांनी राजमा धुतला, वर बोटभर पाणी घातलं आणि ताटली झाकली. झाकून हात पुसताना ते एकदम थबकले.

ओट्याच्या या कोपऱ्यात, संध्याकाळच्या वेळी, ताटली झाकलेलं भांडं. हे त्यांनी पूर्वी हजारदा बघितलं होतं. त्यांची बायको होती तेव्हा रोज इथं असंच काहीतरी झाकलेलं असायचं. ते पाणी प्यायला यायचे, भांड्याला वळसा घालून पेला घ्यायचे आणि निघून जायचे. ताटली उचलून आत काय आहे हे एकदाही बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवायला जे यायचं ते यायचं, आणि ते म्हणायचे, "वा, छान झालंय."

"काय झालं?" विहीणबाईंनी विचारलं.

"काही नाही. पाणी पुरेल ना, बघत होतो."

पाणी पुरलं नाही. भांडंही पुरलं नाही. सकाळी मास्तर चहाला आले तर राजमा फुगून दुपटीवर गेला होता, ताटली एका बाजूनं उचलली गेली होती, आणि पाचसहा दाणे भांड्याच्या काठावरून उडी मारून ओट्यावर बसले होते. विहीणबाई आधीच तिथं उभ्या होत्या. दोघं वाकून भांड्यात बघू लागली. एरवी व्याही-विहिणी एकमेकांना पाण्यात बघतात. इथं दोघं मिळून राजम्याला पाण्यात बघत होती.

"जिवंत आहे की काय?" मास्तर म्हणाले.

"मोठं भांडं घ्यायला हवं होतं. तुम्ही मुद्दामच छोटं घेतलं असेल असं वाटलं मला."

"मुद्दामच घेतलं होतं," मास्तर म्हणाले.

त्याच सकाळी जहाजावरून मुलाचा फोन आला. बायकोशी त्याचं बोलणं होईस्तोवर मास्तर दारात घुटमळत राहिले आणि मग फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"काय रे, सहजच विचारतो. तू तो राजमा करतोस तो कसा करतोस?"

"का? तुम्ही करताय?" पलीकडे आवाजात धास्ती होती.

"छे रे. विहीणबाई करतायत. मी सहज विचारतोय."

"भिजवलेलं पाणी फेकून द्या, बाबा. ताजं पाणी घ्या, भरपूर. आणि आधी चांगली दहा मिनिटं तरी खळाखळा उकळू द्या, नुसत्या मंद आचेवर ठेवू नका, पोट बिघडतं. त्यानंतर आच कमी करा. आणि हे बघा, टोमॅटो—" फोन खरखरला. "—आधी—" परत खरखर. "—कळलं ना, बाबा?"

"कळलं, कळलं!" मास्तर ओरडले. फोन बंद पडला होता.

टोमॅटो आधी. त्यात न कळण्यासारखं काय होतं?

पाणी फेकलं. मोठं पातेलं घेतलं. राजम्यावर चार बोटं ताजं पाणी घालून गॅस मोठा केला. उकळी आली तसा वर करडा फेस जमला. विहीणबाईंनी तो पळीनं काढला आणि घड्याळ समोर धरून पातेल्याशी पहारा देत उभ्या राहिल्या. या बाबतीत मात्र त्या कुणाचंही ऐकणार नव्हत्या. अर्धाकच्चा लाल राजमा खाऊन उलट्यांनी बेजार झालेली अख्खी कुटुंबं त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली त्यांनी बघितली होती.

"झालं की आता," मास्तर म्हणाले.

"नाही झालं."

"घड्याळ बरोबर आहे का तुमचं?"

"माझं घड्याळ बरोबर आहे. तुमची घाई चूक आहे."

वेळ भरली तशी त्यांनी आच मंद केली, आणि मास्तरांनी पुढे होऊन चिरलेले टोमॅटो सगळेच्या सगळे पातेल्यात ओतले. वरून थोडं व्हिनेगरही घातलं, मुलाच्या बाटल्यांच्या रांगेत सर्वात पुढे ती होती म्हणून. विहीणबाईंच्या कपाळावर बारीकशी आठी आली, पण त्यांनी पळीनं ते ढवळलं. माणूस इतक्या ठामपणे काही करतोय म्हणजे त्याला येत असणार.

रस्सा लाल झाला. कांदा, लसूण, भोपळी मिरची परतून आत गेली, जिरं आणि मिरचीपूड गेली. घर खरोखरच दरवळलं.

"बाबा, वास छान येतोय!" आतून सूनबाई म्हणाली.

मास्तरांची छाती फुगली. त्यांनी एक दाणा चमच्यानं काढला, फुंकर मारली, चावला. दाणा चावला गेला नाही. त्यांनी तो एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि विहीणबाईंची पाठ वळल्यावर गिळून टाकला.

बराच वेळ गेला. खिडकीतलं ऊन ओट्यावरून सरकून जमिनीवर आलं. पाणी आटलं, परत घातलं, परत आटलं.

"वास अजूनही छान येतोय!" सूनबाई म्हणाली.

विहीणबाईंनी एक दाणा चाखला आणि दाताचा डॉक्टर ओळखीचा आहे का, असं मास्तरांना विचारलं.

आणखी वेळ गेला.

"आज वासावरच भागवायचं का?" सूनबाईनं विचारलं.

मास्तर स्टूल ओढून त्यावर बसले, तेच ते घोटामोडं स्टूल. आजवर कित्येक नवशिक्यांना त्यांनी चढावर गाडी उभी करून परत चालू करायला शिकवलं होतं. जन्मात कधी हात टेकले नव्हते. आणि इथं मूठभर दाणे त्यांना जुमानत नव्हते.

"विहीणबाई," ते शेवटी म्हणाले, "आपली डाळ शिजत नाही म्हणतात ते ठीक. पण हा राजमासुद्धा शिजू नये? खरं सांगा, तुम्ही घरी कसा करता?"

विहीणबाई पळी धुवत होत्या. धुवून झालेली पळी त्यांनी परत धुतली.

"मी ना," त्या म्हणाल्या, "मी डबा उघडते."

"कसला डबा?"

"पत्र्याचा. तयार राजम्याचा. उघडते, गरम करते, पावाबरोबर खाते. कधी कधी गरमही करत नाही."

मास्तरांना सूप आठवलं, टोस्ट आठवले, केळी आठवली.

"म्हणजे ते पेशंटला हलकं..."

"माझं सगळंच हलकं असतं. सकाळी दुकान उघडायचं, रात्री बंद करायचं. लेकीला वाढवलं ते पाव, अंडी आणि शेजारणीच्या मायेवर. मला स्वयंपाक येत नाही, मास्तर. मला वाटलं तुम्हाला येतो. काल काय ते म्हणालात, 'त्यात काय एवढं'!"

"तुम्ही आधी 'त्यात काय' म्हणालात म्हणून म्हणालो!"

"मग तुम्हाला?"

"चहा," मास्तर म्हणाले. "आणि उकडलेली अंडी. तीही कधी कधी फुटतात."

विहीणबाईंच्या ओठाचं एक टोक हललं, मग दुसरं. मास्तरांना आधी हसू फुटलं आणि मग दोघंही ओट्याला धरून हसायला लागली. विहीणबाईंचा चष्मा वाफेनं धुरकटला होता, त्यात डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा तो त्यांनी काढूनच ठेवला. चष्म्याविना त्या बऱ्याच कमी करारी दिसत होत्या.

हसता हसता मास्तर एकदम थांबले.

"थांबा. तुम्हाला येत नाही हे तुमच्या मुलीला माहीत असणारच."

"अर्थात. तिनंच खाल्लंय सगळं."

"आणि मला येत नाही हेही तिला माहीत आहे."

दोघं एकमेकांकडे बघून सूनबाईच्या खोलीकडे वळली. सूनबाईनं त्यांना दारात बघितलं, एका क्षणात सगळं ओळखलं आणि परत चादर तोंडावर घेतली. या वेळी मास्तरांनी ती खाली ओढली.

"हसायला लावू नका, दुखतं!" ती ओरडली. मग म्हणाली, "अहो, पडून पडून कंटाळले मी. आणि तुम्ही दोघं बाहेर बसता आणि चमच्यांचे आवाज येतात फक्त. 'घ्या ना', 'पुरे, पुरे', टिंग, टिंग. मला वाटलं, काहीतरी काम दिलं तर भांडाल तरी."

"आम्ही भांडलो नाही," विहीणबाई म्हणाल्या.

"अजून," मास्तर म्हणाले.

"पण मला चिली खरंच हवीय हं," सूनबाई घाईघाईनं म्हणाली. "ती गंमत नव्हती."

परत पातेल्याशी आल्यावर विहीणबाईंनी चष्मा चढवला. आता सोंग उरलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं डोकं भराभर चालायला लागलं. त्यांनी रस्सा चाखला, डोळे मिटून.

"आंबट आहे. टोमॅटो आंबट, त्यात तुमचं व्हिनेगर. आंबटात यांची साल आणखी घट्ट होत असणार. उपाय साधा आहे. अॅसिडिटीवर काय देतात?"

"रांगेत उभं राहा म्हणतात तुमच्या दुकानात."

"खायचा सोडा," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी डबी शोधली, दोन बोटांत अगदी कणभर सोडा धरला आणि रश्शावर भुरभुरला. रस्सा जरा फसफसला आणि शांत झाला. "आता वाट बघायची," म्हणून त्या लेकीची उशी नीट करायला आत गेल्या.

मास्तरांनी वाट बघितली. निदान त्यांच्या मते तरी बघितली. मग डबीकडे बघितलं. कणभरानं थोडं काम होतं तर थोड्या जास्त कणांनी जास्त होईल, हा साधा हिशोब होता. त्यांनी चमचा घेतला.

पातेल्यातून आधी एक लांब उसासा आला. मग रस्सा वर यायला लागला. लाल, गुलाबी, बुडबुड्यांचा, सगळा राजमा डोक्यावर घेऊन तो काठापर्यंत आला, काठावर क्षणभर थबकला आणि चारी बाजूंनी खाली धावला. ओट्यावरून, गॅसवरून, कपाटाच्या दारावरून. गॅस फुस्स करून विझला.

"ब्रेक!" मास्तर ओरडले. "ब्रेक! ब्रेक!"

विहीणबाई धावत आल्या आणि त्यांनी आधी गॅसचं बटण बंद केलं, खिडकी उघडली, आणि मगच मास्तरांकडे बघितलं. मास्तर एका पायावर उभे होते. दुसऱ्या पायातल्या मोज्यातून टोमॅटो ठिबकत होता.

"किती घातलात?"

"चिमूटभरच."

"कुणाची चिमूट?"

मास्तरांनी चमचा पाठीमागे लपवला, पण तो चमचा लपण्यासारखा लहान नव्हता.

"काय झालं?" सूनबाई आतून विचारत होती. "कुणीतरी सांगा ना! मला उठता येत नाहीये!"

"काही नाही," तिची आई म्हणाली. "तुझे सासरे उतू गेलेत."

पुसापुशीत बराच वेळ गेला. मास्तर जमीन पुसत होते, विहीणबाई ओटा. मात्र पातेल्यात जे उरलं होतं ते परत गॅसवर ठेवल्यावर चमत्कार झाला. जे दाणे दुपारभर गारगोटीसारखे बसले होते ते बघता बघता मऊ पडले. मऊ पडले आणि थांबेनात. निम्मे दाणे विरघळून रश्शाची खळ झाली, निम्मे कसेबसे आकार धरून राहिले. चव साबणाच्या वडीच्या वाटेवर होती. तेव्हा विहीणबाईंनी लिंबू कापलं आणि थेंब मोजत पिळलं. थोडं पिळायचं, चाखायचं, परत थोडं. मास्तरांना त्यांनी ओट्यापासून दोन पावलं लांब उभं केलं होतं. लसूण वाढवली, मिरची वाढवली, मीठ घातलं. साबण हळूहळू मागे हटला आणि खमंग, तिखट, ओळखीचं काहीतरी पुढे आलं.

वाडगा आणि पाव घेऊन दोघं आत गेली आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली.

सूनबाईनं एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. चमचा उभा रोवून बघितला; तो पडला नाही.

"याला काय म्हणायचं?"

"चिली," मास्तर म्हणाले.

"चिली चमच्यानं खातात, बाबा. ही पावाला फासता येते." तिनं ती फासली, खाल्ली, आणि वाडगा पुढे केला. "अजून द्या. छान लागतेय. कशी काय ते मला सांगू नका."

त्या संध्याकाळी मास्तरांनी तीन वाडगे खाल्ले. सूपानंतर कोणालाही ते जमलं असतं.

उरलेल्या खळीचं काय करायचं, यावरून दुसऱ्या दिवशी खरंच भांडण झालं. मास्तरांचं म्हणणं पाणी घालून वाढवावी, विहीणबाईंचं म्हणणं आणखी आटवावी. शेवटी आटवली, पावाचा चुरा मिसळला, चपट्या वड्या थापून तव्यावर तेलात परतल्या, आणि त्या इतक्या कुरकुरीत झाल्या की कुणाचं म्हणणं काय होतं हे दोघंही विसरली.

तिथून घराला कडधान्याचं वेडच लागलं. पांढऱ्या दाण्यांचं सूप झालं, पण हे सूप पातेल्यातलं. छोल्यांची कोशिंबीर झाली. काळे दाणे झाले, त्यांनी भाताचा रंग शाईसारखा केला. एकेक गोष्ट दोघांना ठेच लागूनच कळली. भांडं मोठं घ्यायचं. फडताळात वर्षभर पडलेले दाणे जास्त वेळ घेतात, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. भिजवायच्या पाण्यात मीठ घातलं तर साल मऊ होते आणि चव आतपर्यंत जाते. भिजवलेलं पाणी फेकलं तर घरात जरा शांतता राहते. हे विहीणबाईंनी शास्त्राच्या भाषेत सांगितलं आणि मास्तरांनी खिडकी उघडून मान्य केलं.

संध्याकाळी भिजत घालायचं काम मात्र मास्तरांनी कुणाला दिलं नाही. ते भांड्यावर ताटली झाकायचे आणि पाणी पिऊन झाल्यावर एकदा उगाचच उचलून आत बघायचे.

प्लास्टर निघालं आणि सूनबाई काठी टेकत घरभर हिंडू लागली, त्याच सुमारास मुलगा रजेवर आला. आल्या आल्या हात धुवून तो स्वयंपाकघरात शिरला. "आज मी करतो सगळ्यांना चिली," तो म्हणाला.

"पाणी बदललंस का?" मास्तरांनी मान पुढे काढून विचारलं.

"बदललं, बाबा."

"फेस काढ," विहीणबाई म्हणाल्या.

"काढतो, मावशी. मी आचारी आहे."

"आणि टोमॅटो आता नाही हं," मास्तर म्हणाले. "दाणा मऊ झाल्यावर. आधी घातले की संपलंच."

मुलानं पळी खाली ठेवली. "बाबा, हे मीच सांगितलं होतं तुम्हाला! फोनवर! टोमॅटो आधी घालू नका म्हणून!"

"'आधी' एवढंच आलं रे इकडे," मास्तर म्हणाले. "बाकीचं समुद्रात पडलं."

शेवटी दोघांनी मिळून त्याला कांदे चिरायला बसवलं. बाहेर येऊन, डोळे पुसत, तो बायकोशेजारी बसला. "माझ्याच स्वयंपाकघरात मला जागा नाही."

"मी काय करू?" ती म्हणाली. "मी फक्त चिली मागितली होती."

विहीणबाई पुढच्या आठवड्यात दुकानावर परत गेल्या. जाताना बॅगेत राजम्याची पिशवी होती आणि हातात मास्तरांनी आग्रहानं दिलेलं मोठं पातेलं. बसमध्ये ते त्यांनी मांडीवर घेतलं होतं. दोनतीन दिवसांनी त्यांचा फोन आला. पहिल्यांदाच एकटीनं केला होता, गिऱ्हाइकांच्या गडबडीत पातेल्याकडे लक्ष राहिलं नाही आणि राजमा बुडाला करपला होता.

"अजिबात ढवळू नका," मास्तर ताठ बसून म्हणाले. "खालचं खाली राहू द्या. वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. सावकाश, सावकाश."

"तुम्हाला कसं माहीत?"

मास्तरांनी ओट्याकडे पाहिलं. सिंकमध्ये त्यांचं स्वतःचं पातेलं सकाळपासून पाणी भरून पडलं होतं, आणि बुडाचा काळा थर अजून हलायचं नाव घेत नव्हता.

"अनुभव," ते म्हणाले.